चुलीपुढे चपला काढणारे आचारी

माझी शाळा चौथीपर्यंत झाली. ऱ्हस्व-दीर्घ मला तेव्हाही कळलं नाही आणि आताही कळत नाही. अक्षर तर असं, की वाण्याला सामान लिहून दिलं तर तो चिठ्ठी परत माझ्याच हातात देतो आणि म्हणतो, वहिनी, तुम्हीच वाचा. तेव्हा हे कधी कुणाच्या हाती पडलंच तर चुका पोटात घालाव्यात. चार माणसांत मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात आमच्या आचाऱ्यांची दशक्रिया झाली, नारायणगावला मीना नदीच्या घाटावर. आमच्याकडे दशक्रियेला आधी प्रवचन असतं आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. त्यात एकाने माइक हातात घेऊन सांगितलं, की यांनी मस्कतला मजुरी केली आणि लेकीला नर्स केलं. माणसांनी माना हलवल्या. मी बायकांत मागे बसले होते. उठून सांगावंसं फार वाटलं, की मजुरी नाही हो, ते आचारी म्हणून गेले होते, व्हिशावर तसं छापलेलं होतं, आणि तेवढा एक शब्द तिथे यावा म्हणून त्या माणसाने केवढी वाट पाहिली. पण पदर डोक्यावर ओढून तशीच बसून राहिले.

ते वारूळवाडीला राहायचे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यात लग्न, जावळ, यात्रा, काहीही असो, मासवडीचं जेवण म्हटलं की त्यांनाच सांगावा जायचा. अंग काटकुळं, डोक्यावर टोपी, आणि टोपीत कायम एक सुई खोचलेली. ती कशाला, हे कुणाला कधी कळलं नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "असू दे. तुला लागली तर माग." मला कधी लागली नाही.

कामाच्या जागी आले की पहिल्यांदा जमिनीत खणलेली लांब चूल बघायची. मग तिच्यापुढे चपला काढायच्या, हात जोडायचे आणि म्हणायचं, "येतो बरं का मालक." उन्हाळ्यात जमीन तापलेली असली तरी स्वयंपाक होईपर्यंत अनवाणीच. नवी पोरं हसायची. ते म्हणायचे, "हसा. तुमच्या बापाच्या घरात तुमी चपला घालून शिरत असाल, मी न्हाई शिरत."

भांड्यांशी बोलायचे. सगळ्यात मोठं भगुलं होतं, त्याला ते पाटलीणबाई म्हणत. रस्सा करपायला लागला तर आमच्यावर ओरडायचे नाहीत. पाटलीणबाईला समजावायचे, "आज रुसू नका, पावणं मंचरचं हायेत, गावात जाऊन नावं ठेवतील." लग्नघरचा कुणी जवळ येऊन "आचारी, झकास होऊ द्या" म्हणाला की झारा खाली ठेवून त्याच्याकडे बघत राहायचे. तो गेला की मगच पुन्हा कामाला लागायचे.

आणि ते चव घेत नसत. कधीच नाही. हजार माणसांचा रस्सा असो, भगुल्यावर वाकायचे, डोळे मिटायचे, वास घ्यायचे आणि म्हणायचे, "मीठ टाक आणखी एक मूठ." नैवेद्य दाखवल्याशिवाय अन्न तोंडाला लावायचं नाही, ही रीत आमच्या घरातही आहे. पण घरचं माणूस नैवेद्य झाल्यावर तरी खातं. हे पंगती उठल्यावर, भांडी घासायला पडल्यावर, सगळ्यात शेवटी जेवायचे. "पयलं देव, मग माणूस, मग आचारी," असं म्हणायचे. मासवडी कापताना दोन्ही टोकांचे तुकडे वेडेवाकडे निघतात. पाहुण्यांच्या ताटात ते शोभत नाहीत, पण सारण त्यातच जास्त असतं. त्याला आम्ही कड म्हणतो. ती कड ते नैवेद्यानंतर भांडी घासणाऱ्या बायांना द्यायचे, रोज न चुकता.

मी पिंपळवंडीची सून. त्यांच्या हाताखाली गेले ती आमच्या जाऊबाईंच्या ओळखीने. मासवडीला दोन माणसं लागतात, म्हणजे पंगतीची असेल तेव्हा. बेसन हाटून गरम असतानाच लांब ओल्या पंचावर थापायचं, वर तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसणाचं सारण पसरायचं, आणि मग दोघांनी दोन टोकं धरून एकदमच पंचा उचलायचा. एकाचा हात आधी उचलला गेला तर सगळी वळकटी फुटते. त्यांनी दोनतीन बाया बघितल्या आणि मला ठेवलं. जाऊबाईंनी विचारलं, "हिच्यात काय बघितलं?" म्हणाले, "ही बोलत न्हाई. बोलणारीचं ध्यान सारणात ऱ्हात न्हाई." जाऊबाईंना ते लागलं. त्या मग वर्षभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि त्यांच्या ते लक्षातही आलं नाही.

पुढे हायवेच्या कडेने लॉन्सची कार्यालयं झाली. लोकांना टेबलावर मांडलेलं जेवण हवं झालं, पनीर हवं, मंच्युरियन हवं. त्यांना बोलावणं यायचं ते फक्त यात्रेला आणि जावळाला. त्याच वेळेला त्यांची थोरली बारावी झाली. पोरगी हुशार, आणि तिने नर्सिंगचं मनात घेतलं. त्याची फी ऐकून ते दोन दिवस पाटलीणबाईशीसुद्धा बोलले नाहीत. मग एका सकाळी नारायणगावात खताच्या दुकानावर आखाताकडे कामाला माणसं पाठवणाऱ्या एजंटाचं ऑफिस होतं, तिथे गेले. मी बाजाराला आले होते, मला म्हणाले, "चल वर. मला हिंदी कमी येती, तुला तर अजिबात येत न्हाई, म्हंजी बरोबरी हाय." एजंट निघाला आळेफाट्याकडचा, मराठीच बोलणारा.

"काम काय करता?" एजंटाने विचारलं.

"आचारी."

"तंदूर येतो?"

"न्हाई."

"चायनीज?"

"न्हाई."

"मग येतं काय?"

"मासवडी. रस्सा. पुरणपोळी. दोन हजार मान्सांची लापशी."

एजंटाने टेबलावरचा कागद त्यांच्याकडे फिरवला. "हे बघा आचारी. गवंडी, सुतार, सळई बांधणारा, वेल्डर, तंदूरवाला. तिकडं ज्या कामाला माणूस मिळत न्हाई, त्याच कामाचा व्हिसा निघतो. मासवडी यात दिसती का, तुमीच सांगा."

"मग लिवा की खाली."

"मी लिवून काय उपेग? मासवडीवाचून तिकडं कुणाचं अडलं न्हाई."

"तुमाला काय म्हाईत? तुमी इचारलं का त्यांना?"

एजंट हसला. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "गवंड्यात घालतो तुमाला. एकदा तिकडं पोचला की किचनमधी शिरा. सगळे असंच करत्यात."

ते घरी आले आणि खरंच विचारात पडले. पोरीच्या फीची तारीख जवळ येत होती. शेवटी एका बांधकामावर ओळखीच्या गवंड्याकडे काम शिकायला गेले. आठवडाभर गेले असतील. तिथली गोष्ट तो गवंडी अजून सांगतो. आचाऱ्यांनी विटांवर माल टाकला, हात पाण्यात बुडवला आणि तळव्याने थोपटून थोपटून पातळ पसरवायला लागले. गवंडी म्हणाला, "राव, भिंत हाय, वडी न्हाई." त्यांनी ऐकलं नाही. थर इतका पातळ केला, की दुसऱ्या दिवशी भिंतीवर हात टेकल्याबरोबर वरच्या विटा सुट्या झाल्या. त्यांनी त्या उचलून नीट रचून ठेवल्या आणि घरी आले. मला म्हणाले, "जमलं असतं गं. पण समज, तिकडं मेलो. तर कागदावर काय येणार? गवंडी वारला. मग माझ्या पोरीनं रडायचं कुणासाठी?"

मला हसू आलं आणि लगेच आवरलं, कारण ते हसत नव्हते.

त्या वर्षी पोरीला घरीच बसावं लागलं. ती शेजारच्या दवाखान्यात केसपेपर काढायला जायची.

मग बोरी बुद्रुकला एक जावळ झालं. पोराचा मामा मस्कतला बांधकाम कंपनीत फोरमन होता, सुट्टीवर आला होता. तो जेवला, पुन्हा वाढून घेतलं, आणि हात न धुताच चुलीकडे आला. "आचारी," तो म्हणाला, "आमच्या कॅम्पात आपल्याकडची लई पोरं हायेत. मेसमधलं खात्यात आणि आजारी पडत्यात. तुमी येता का?"

"माझं काम यादीत न्हाई," आचारी म्हणाले.

"यादी एजंटाची. कंपनीला एखादा माणूस नावानिशी पायजे आसला, तर ती त्याच्या नावानं मागू शकती. फक्त कंपनीला पटवावं लागतं, की हाच माणूस का."

तो परत गेला. त्यानंतर काहीच आलं नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली. लोक विचारायचे, "काय आचारी, मस्कत कुठवर आलं?" ते म्हणायचे, "निघालंय, वाटेत हाय." मला वाटायचं, त्या फोरमनला मासवडीबरोबर बोलणंही पचून गेलं. पण तो तिकडे पोरांच्या सह्या घेत होता, साहेबामागे लागला होता. यात्रेच्या आधी त्याचा फोन आला. कंपनीने एका माणसाची मागणी काढली होती, कॅम्प कुक, आणि पुढे यांचं नाव. अट एकच. कंपनीचा साहेब पुण्याला येणार होता, त्याच्यासमोर स्वयंपाक करून दाखवायचा. पास झाले तर व्हिसा, नाही तर जागा दुसऱ्याला.

तिकीट, मेडिकल, पासपोर्ट, आणि दहावी न झालेल्या माणसाला बाहेर जायला सरकारचा वेगळा शिक्का लागायचा, त्याची धावपळ. एवढा पैसा त्यांच्याकडे नव्हता. माझ्याकडे तरी कुठला? पण आमचा बायकांचा बचत गट होता. मी कधी कर्ज उचललं नव्हतं. गटाच्या बैठकीला मी खांबाला टेकून बसायची, सही करायची आणि उठायची. त्या दिवशी कसंबसं मागितलं.

अध्यक्षीणबाई फटकळ. म्हणाल्या, "तुझ्या घरचा तर न्हाई तो. उद्या तिकडंच ऱ्हायला, तर आमी कुणाच्या दारात जायचं?"

"माझ्या," मी म्हटलं.

तेवढंच बोलले, आणि कर्ज माझ्या नावावर मंजूर झालं. घरी येऊन आमच्या ह्यांना सांगितलं. ते म्हणाले, "मग पुण्याला मी पण येतो. पैसे कुठं चाललेत ते तरी बघू."

आम्ही तिघं एसटीने पुण्याला गेलो. पंचाचं दुसरं टोक धरायला मी हवीच होते. आचाऱ्यांनी त्या दिवसासाठी बूट घेतले होते, काळे, जड. एसटीत पाय लांब करून सारखे त्याच्याकडे बघत होते.

स्वयंपाकघर एका बंद पडलेल्या हॉटेलातलं होतं. सगळं स्टीलचं, गॅसच्या शेगड्या, भिंती पांढऱ्या. आमच्या आधी दोघं जण करून गेले होते, त्यांच्या मसाल्याचा वास अजून होता. साहेब दक्षिणेकडचे, वयस्कर, चष्मा लावलेले, हिंदी बोलणारे. भात, डाळ, चपाती आणि एक आपल्या आवडीचं, एवढं करायला सांगून ते खुर्चीवर बसले.

आचारी बूट घालूनच कामाला लागले. शेगडीला हातही जोडले नाहीत. मला ते खटकलं, पण वाटलं, साहेबापुढे लाजले असतील. पंचा उचलताना त्यांचं टोक थरथरत होतं. तरी वळकटी फुटली नाही. वड्या पडल्या, रस्सा उकळला. त्यांनी डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "हो गया साब."

"नमक देखो," साहेब म्हणाले.

"बराबर हाय."

"चखे बिना?"

"वास आता हाय."

साहेब उठून जवळ आले. "दो सौ आदमी का खाना मैं तुम्हारी नाक के भरोसे छोड़ूँ? चखो."

"पयले देव को, साब. बाद में आदमी को."

"यहाँ देव कहाँ है?"

आचाऱ्यांनी सगळीकडे बघितलं. पांढऱ्या भिंतींवर एक कॅलेंडरसुद्धा नव्हतं. आमचे हे दारातून खुणा करत होते, घ्या हो एक घोट, कोण बघतंय. साहेबांनी खिशाचं पेन काढलं. "जो कुक चखता नहीं, उसको मैं पास नहीं करता. फेल लिखूँ?"

आचाऱ्यांनी झारा खाली ठेवला. नळाखाली हात धुवायला लागले. हात धुणं म्हणजे त्यांचं काम संपलं, हे मला माहीत होतं. मला त्या वेळी गट आठवला नाही. दवाखान्यात केसपेपर काढणारी ती पोर आठवली.

मी एक ताटली घेतली. त्यात भात, डाळ, चपाती, दोन वड्या ठेवल्या, ताटली शेगडीपुढे मांडली आणि तिच्याभोवती पाणी फिरवलं. माझा आवाज मलाच ओळखीचा वाटला नाही. म्हटलं, "दादा, चूल हाय की."

ते ओले हात तसेच धरून माझ्याकडे बघत राहिले. मग खाली बसले आणि बूट काढायला लागले. नाडीची गाठ बसली होती, सुटेना. त्यांनी टोपीतली सुई काढली आणि तिने गाठ सोडवली. बूट बाजूला ठेवले, शेगडीपुढे अनवाणी उभे राहून हात जोडले आणि हळू म्हणाले, "चुकलो मालक. घाईत आलो."

साहेब पेन धरून नुसते उभे होते.

मग आचाऱ्यांनी कड उचलली, रश्श्यात बुडवली आणि खाल्ली. इतक्या वर्षांत मी त्यांना दुसऱ्या कुणाच्या आधी खाताना पहिल्यांदा पाहिलं. सावकाश चावलं, गिळलं. चेहरा पडला.

"मीठ कमी हाय," ते म्हणाले.

आमच्या ह्यांनी कपाळाला हात लावला. साहेबांनी मला विचारलं, "क्या बोला?" मी काय सांगणार? हिंदीत मला मीठ म्हणता येत होतं, तेवढं म्हटलं, आणि बोटांनी कमी दाखवलं. साहेबांनी स्वतः वडी घेतली, रस्सा घेतला, पुन्हा घेतला. "हाँ, कम है," ते म्हणाले. "मेरे सामने आज तक किसी कुक ने ये नहीं बोला." आणि खाली बसून लिहिलं. काय लिहिलं ते आम्हाला दिसलं नाही. पण जाताना त्यांनी उरलेल्या वड्या डब्यात भरून मागितल्या, तेव्हा आमचे हे म्हणाले, "झालं बहुतेक."

परतीच्या एसटीत आचारी खिडकीशी बसले होते. राजगुरुनगर गेलं. मग मागे वळून मला म्हणाले, "इतकी वर्सं कमीच पडत आसंल का गं मीठ?"

"न्हाई दादा," मी म्हटलं. "आज तुमचा हात कापत व्हता. आन् बूट पण व्हते."

"व्हय," ते म्हणाले. "बुटाचंच हाय ते."

व्हिसा आला. त्यावर इंग्रजीत कुक लिहिलं होतं. ते अक्षर त्यांनी पोरीकडून ओळखायला शिकून घेतलं आणि वारूळवाडीपासून ओझरपर्यंत भेटेल त्याला पासपोर्ट उघडून त्या शब्दावर बोट ठेवून दाखवत. दाखवण्याआधी प्रत्येक वेळी हात पुसायचे. त्या एजंटाच्या ऑफिसातही गेले होते. "यादीत न्हाई म्हणलावता," एवढंच बोलून खाली आले. एजंटाने त्यांना चहा पाजला म्हणे.

तिकडचं ते फार सांगत नसत. ऊन सांगायचे. एवढं मात्र फोरमनकडून कळलं, की मेसमध्ये पहिली ताटली शेगडीपुढे ठेवल्याशिवाय वाढप सुरू होत नसे, आणि रांगेतली केरळची, बिहारची, पाकिस्तानातलीही पोरं ताटं धरून तेवढा वेळ गप्प उभी राहायची. त्यानंतर हे एक घास खायचे, सगळ्यांदेखत, आणि मान हलवली की रांग पुढे सरकायची. म्हणजे साहेबाचंही राहिलं आणि चुलीचंही.

पोरगी नर्स झाली. पुढे तिलाही बाहेरची नोकरी लागली. तिचे कागद दोन महिन्यांत झाले, कारण नर्स सगळ्यांनाच हव्या असतात. आचारी म्हणायचे, "तिला दरवाजा उघडा व्हता. मी खिडकीतून शिरलो. पण शिरलो माझ्याच नावानं." दशक्रियेला ती आली होती. भाषण ऐकून तिने माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. ती पण माझ्यासारखीच, माणसांत बोलत नाही.

गटाचे हप्ते फोरमनच्या घरून यायचे, कधी वेळेवर, कधी दोन महिन्यांचे एकदम. उशीर झाला की अध्यक्षीणबाई माझ्याकडे बघायच्या आणि मी खांबाकडे. शेवटचा हप्ता मात्र त्यांनी पाठवला नाही. पहिल्या सुट्टीवर आले तेव्हा स्वतः घेऊन आले. आमची बैठक पिंपळवंडीच्या देवळात भरली होती. दाराशी चपला काढून सगळ्या बायांमध्ये येऊन बसले. मस्कतचं अत्तर लावलं होतं, तरी खाली कांदालसणाचा वास होताच.

अध्यक्षीणबाईंनी पैसे मोजले, लिहून घेतले. आचारी म्हणाले, "बाईचं नाव मोकळं झालं का? वाचून दाखवा मोठ्यानं."

त्यांनी माझं नाव मोठ्याने वाचलं. सगळ्या बाया माझ्याकडे बघायला लागल्या. मी खाली बघत राहिले, पण त्या दिवशी खांबाला टेकले नव्हते.

चहा आला. अध्यक्षीणबाईंनी पहिला कप उचलून आचाऱ्यांपुढे धरला. वाटलं, नेहमीसारखं म्हणतील, आधी तुम्ही घ्या. त्यांनी एकदा गाभाऱ्याकडे बघून हात जोडले, कप घेतला आणि एक घोट प्याले.

"साखर कमी हाय," ते म्हणाले.

"आता काय ती व्याजात धरायची का आचारी?" अध्यक्षीणबाई म्हणाल्या, आणि उठून डबा आणायला गेल्या.

आचाऱ्यांनी कप खाली ठेवला आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "फिटले गं सगळे."

"फिटले दादा," मी म्हटलं.